पहिले पाऊल कोणाचे?

महाराष्ट्रातल्या सरकारी शाळांत २०२२पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले. पहिलीत दाखल होणारे मूल आईबरोबर येते, एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे जाते. उड्या मारते, वस्तूंचे गट करते, चित्र पाहून बोलते, मोजून दाखवते. काय जमले, कशात मदत लागली, याची नोंद विकासपत्रावर होते. उन्हाळ्यात आयांच्या गटांनी घरीच तयारी करून घ्यायची आणि शाळा उघडताना दुसऱ्या मेळाव्यात पुन्हा पाहायचे, अशी ही रचना.

तिचे श्रेय आधी दिले पाहिजे. बालवर्गाच्या प्रवेशासाठी परीक्षा-मुलाखती नकोत, असे यशपाल समितीने १९९३मध्येच सांगितले होते. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ने प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. मेळाव्यात कोणाला नाकारण्यासाठी पाहिले जात नाही. शिवाय एकाच दिवसाच्या निकालावर न थांबता मूल दुसऱ्यांदा पाहिले जाते, हेही मोलाचे.

आक्षेप आहे तो विकासपत्राच्या व्याकरणावर. त्यातल्या नोंदींचा कर्ता मूल आहे. ओळखते मूल, सांगते मूल, अडते तेही मूलच. शाळा या वाक्यांत कुठेच येत नाही.

याची किंमत कोण मोजतो? घरी वारली, कोरकू किंवा भिली बोलणारे मूल प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नापुढे गप्प राहते आणि ते मौन ‘जमत नाही’च्या रकान्यात जाऊन बसते. संध्याकाळी कळपातली एक शेळी कमी आहे हे नजरेने ओळखणाऱ्या मुलाला एक ते दहा म्हणता आले नाही, तर ते गणितात कच्चे ठरते. सहाव्या वर्षी बसलेला हा शिक्का पुसायला पुढची कित्येक वर्षे जातात. कधी तो पुसलाच जात नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा प्रश्न उलट बाजूने धरला होता. १९४५मध्ये बोर्डीत सुरू झालेले त्यांचे काम १९५७मध्ये कोसबाडला गेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून अंगणवाडी वस्तीच्या अंगणात गेली. मुले गुरांमागे रानात असतात म्हणून कुरणशाळा कुरणात भरली. मूल तयार आहे का, हे विचारण्याआधी त्यांनी शाळा तयार केली.

म्हणून विकासपत्र रद्द करावे, असे नाही. त्याला दुसरी बाजू छापावी. मुलाच्या घरच्या भाषेतले किती शब्द शिक्षकाला येतात? ते घरी कोणती कामे करते, हे शाळेने विचारले का? पहिला महिना कोणासाठी आखला आहे? ही बाजू शाळेने भरावी आणि आईला वाचून दाखवावी. पहिले पाऊल मुलाने टाकायचेच आहे. पण शाळेने आधी दोन पावले पुढे यायला हवे.