बंगाल किती घसरला? राज्यांच्या दीर्घकालीन वाढीची तुलना कशी वाचावी

मागच्या व्याख्यानात आपण चक्रवाढीचा एक सोपा हिशेब पाहिला होता. सत्तरला वाढदराने भागायचं, म्हणजे उत्पन्न दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते कळतं. साडेतीन टक्क्यांना वीस वर्षं, सात टक्क्यांना दहा. तो हिशेब आज हाताशी ठेवा, लागणार आहे.

आज एका निबंधाबद्दल बोलायचंय. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये तो प्रसिद्ध केला. लेखक संजीव सन्याल आणि आकांक्षा अरोरा. विषय, १९६०-६१ ते २०२३-२४ या काळातली भारतीय राज्यांची सापेक्ष आर्थिक कामगिरी. त्यात दोनच मोजमापं आहेत. देशाच्या एकूण उत्पन्नात राज्याचा वाटा किती, आणि राज्याचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या किती टक्के. साठ वर्षांची मालिका सलग मांडणं हे किचकट काम आहे. या काळात पायाभूत वर्षं बदलली, राज्यं फुटली, व्याख्या बदलल्या. ते काम त्यांनी केलं आणि सगळ्यांना वाचता येईल अशा तक्त्यांत मांडलं, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. माझी तक्रार आहे ती हे तक्ते ज्या गोष्टी सांगू शकत नाहीत त्यांच्याबद्दल, आणि ते वाचून आपण जे निकाल देतो त्यांच्याबद्दल.

सगळ्यात गाजलेला आकडा घेऊ. पश्चिम बंगालचं दरडोई उत्पन्न १९६०-६१ मध्ये देशाच्या सरासरीच्या १२७.५ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ते ८३.७ टक्क्यांवर आलं. ऐकल्यावर वाटतं, बापरे, साठ वर्षांत बंगाल गरीब झाला. आता कागद-पेन्सिल घ्या. १२७.५ वरून ८३.७ वर यायला त्रेसष्ट वर्षं लागली. म्हणजे बंगाल देशाच्या सरासरीपेक्षा दर वर्षी किती हळू वाढला? दोन-तृतीयांश टक्का. पाऊण टक्कासुद्धा नाही! देशाचं दरडोई उत्पन्न वर्षाला तीन टक्क्यांनी वाढलं असं क्षणभर धरा. मग बंगालचं साधारण २.३ टक्क्यांनी वाढलं. त्या वेगानेही उत्पन्न तीस वर्षांत दुप्पट होतं, साठ वर्षांत चौपट. म्हणजे बंगाली माणूस आजोबांपेक्षा चौपट उत्पन्न मिळवतोय, आणि तरी तक्त्यात तो ‘घसरला’ आहे.

हे मी बंगालची वकिली करायला सांगत नाहीये. दोन-तृतीयांश टक्का एवढा छोटा फरक साठ वर्षं टिकला तर काय होतं, ते यातून दिसतं. पण ‘सापेक्ष’ हा शब्द बातमीपर्यंत पोचता पोचता गळून पडतो.

आता हाच हिशेब महाराष्ट्राला लावू, म्हणजे आपल्याला जरा टोचेल. महाराष्ट्र १९६०-६१ मध्ये सरासरीच्या सुमारे १३४ टक्के होता, आज सुमारे १५१ टक्के. आपण मान ताठ करतो. पण त्रेसष्ट वर्षांवर पसरलं की हा फरक वर्षाला एक-पंचमांश टक्का भरतो. देश ज्या वेगाने चालला जवळपास त्याच वेगाने आपणही चाललो. सुरुवातीलाच पुढे होतो, म्हणून पुढे राहिलो. ‘प्रगत राज्य’ म्हणताना आपण पातळी आणि वेग यांची गल्लत करतो. ओडिशाची कथा याच्या उलटी आहे. १९९०-९१ मध्ये तो सरासरीच्या ५४ टक्क्यांच्या आसपास होता, आज ८८ च्या आसपास. म्हणजे तेहतीस वर्षं देशापेक्षा सुमारे दीड टक्का जास्त वेग. त्याला मात्र कुणी ‘प्रगत’ म्हणत नाही.

दुसरा मुद्दा टोकांचा. ‘अमुक साली इतकं, तमुक साली इतकं’ या पद्धतीत फक्त दोन वर्षं बोलतात, मधली सगळी गप्प. पंजाब बघा. सुरुवातीला सुमारे १२०, आता १०७. यावरून वाटेल थोडी उतरण झाली. पण मधे, हरित क्रांतीच्या भरात, १९७०-७१ ला तो १६९ वर होता. चढ आणि उतार दोन्ही प्रचंड, आणि टोकांमध्ये दोन्ही लपले. (ही उठाठेव निबंधात दिसते, कारण दशकादशकाचे आकडे दिलेत. बातमीत दिसत नाही.) निवडलेलं वर्ष दुष्काळाचं असेल तर विचारूच नका. १९७९-८० मध्ये देशाचं उत्पन्न पाच टक्क्यांहून जास्त घटलं. त्या वर्षापासून मोजलेली ऐंशीची दशकभराची वाढ फुगलेली दिसणारच. बहात्तरचा दुष्काळ पाया धरला तर महाराष्ट्रही पाठोपाठच्या वर्षांत सुसाट पळताना दिसेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा. राज्य म्हणजे देश नव्हे. दोन देशांची तुलना करताना मधे पासपोर्ट असतो, व्हिसा असतो. राज्यांच्या मधे फक्त रेल्वेचं तिकीट. बिहारचा कामगार सुरतेत माग चालवतो. त्याच्या श्रमातून तयार झालेलं मूल्य गुजरातच्या उत्पन्नात मोजलं जातं. तो घरी पाठवतो ते पैसे बिहारच्या राज्य उत्पन्नात येत नाहीत. केरळचंही तसंच. आखाती देशांतून आलेल्या पैशांनी घरं उभी राहिली, शाळांच्या फिया भरल्या गेल्या, पण राज्य उत्पन्न म्हणजे राज्याच्या हद्दीत तयार झालेलं मूल्य, म्हणून हा पैसा थेट त्यात धरला जात नाही.

याचं उलट टोक आयर्लंड. २०१५ मध्ये त्या देशाचं उत्पन्न एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. डब्लिनमधल्या कुणाचं जेवण २६ टक्क्यांनी वाढलं नव्हतं. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली होती. शेवटी आयरिश सांख्यिकी कार्यालयाने स्वतःच एक वेगळं, सुधारित राष्ट्रीय उत्पन्न काढायला सुरुवात केली. आमची मुंबई थोडीशी आयर्लंडसारखी आहे. बँकांचं उत्पन्न राज्यांत वाटताना ठेवी आणि कर्जं यांचं प्रमाण धरतात. कारखाना कुठेही असो, कर्जाचा कागद मुंबईच्या शाखेत असला की मोजमाप मुंबईच्या पारड्यात पडतं.

आणि छेदाचं काय? दरडोई काढायला लोकसंख्या लागते. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे २०२३-२४ चा दरडोई आकडा २०११ च्या जनगणनेवरून केलेल्या अंदाजांवर उभा आहे. बिहारमधून अंदाजापेक्षा जास्त माणसं बाहेर गेली असतील, तर तिथलं खरं दरडोई उत्पन्न तक्त्यातल्यापेक्षा जास्त आहे, आणि ती माणसं जिथे गेली तिथलं कमी. भावांचाही प्रश्न आहेच. देशांची तुलना करताना आपण किमतींमधला फरक वगळतो. राज्यांसाठी तशी अधिकृत मालिकाच नाही. मुंबईतलं खोलीभाडं आणि पूर्णियातलं खोलीभाडं एकाच रुपयात मोजलं जातं.

निबंधाचं एक निरीक्षण असं, की किनाऱ्यावरची राज्यं सरस ठरली, बंगाल हा ठळक अपवाद. लगेच लोक म्हणतात, मग दोष सरकारांचाच. असेलही. पण १९६०-६१ हे बंगालसाठी ताग आणि अभियांत्रिकी उद्योगांच्या जुन्या वैभवाचं वर्ष होतं. त्यानंतर साठीच्या दशकाच्या मध्यात सरकारी गुंतवणूक आखडली, रेल्वे डब्यांच्या मागण्या कमी झाल्या. पोलाद आणि कोळशाचं वाहतूक भाडं देशभर समान ठेवण्याच्या धोरणामुळे खाणींजवळ असण्याचा फायदा कित्येक दशकं गेला. कामगार संघर्ष, भांडवलाचं पलायन, हेही झालं. यातल्या कशाचा वाटा किती, हे दोन रकान्यांच्या तक्त्यातून काढताच येत नाही.

अमेरिकेतली राज्यं एकमेकांच्या जवळ येतात, वर्षाला अंतराच्या सुमारे दोन टक्के, असं बॅरो आणि साला-इ-मार्टिन यांनी दाखवलं होतं. आपल्याकडे तसं घडताना दिसत नाही, हे २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीनेही नोंदवलं. माणसं फिरतात, माल फिरतो, तरी अंतर का मिटत नाही? या निबंधाने हा प्रश्न पुढे रेटायला हवा होता.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आलीये: ‘मग कोणतं राज्य पहिलं?’ आधी मला सांगा, त्या राज्यात मराठवाडा धरायचा की फक्त मुंबई-ठाणे-पुणे? दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याच्या आतला अनुशेष मोजला, केळकर समितीने २०१३ मध्ये पुन्हा तोच विषय घेतला. १५१ हा आकडा परभणीतल्या कुणालाही विचारून बघा.