वक्तृत्ववर्गाचे नियम आणि श्रोत्याचे स्थान : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात एक परीक्षण

महाविद्यालयीन वक्तृत्ववर्गाच्या आरंभी विद्यार्थ्यांच्या हाती जी नियमपत्रिका दिली जाते, तिच्याकडे चिकित्सक दृष्टीने सहसा कोणी पाहत नाही. हजेरी किती हवी, भाषणाला वेळ किती, गुणांची विभागणी कशी, एवढे पाहून ती वहीत ठेवून दिली जाते. परंतु वक्तृत्व म्हणजे काय ह्याविषयीची एक निश्चित कल्पना त्या नियमांत गृहीत धरलेली असते. वर्गात वक्तृत्वकलेवर जी व्याख्याने होतात, त्यांपेक्षा ह्या नियमांचाच संस्कार विद्यार्थ्याच्या मनावर अधिक खोल होतो, कारण गुण नियमांनुसार मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमांत भाषिक कौशल्यांना श्रेयांकांचे स्थान लाभले आहे. जी गोष्ट पूर्वी स्नेहसंमेलनापुरती होती, ती आता मूल्यमापनाचा विषय झाली आहे. अशा वेळी ह्या नियमांमागील गृहीतांची तपासणी करणे अगत्याचे ठरते.

ह्या परीक्षणासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके मुद्दाम डोळ्यांपुढे ठेवले आहेत. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये शहापूर हा संपूर्ण तालुका आणि मुरबाड तालुक्यातील ७७ गावे अनुसूचित क्षेत्रात समाविष्ट आहेत. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यावरही हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा विविध समाजांतील तरुण येथील महाविद्यालयांत एका बाकावर बसतात. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या मराठीविषयक खंडात (१९०५) आगरी, ठाकरी, कातकरी ह्या बोलींचे नमुने नोंदलेले आहेत, ह्यावरून येथील भाषिक वैविध्याची कल्पना यावी. कोणा एका महाविद्यालयाच्या पत्रिकेवर हे लेखन नाही. राज्यात सर्वत्र जो साचा कमीअधिक फरकाने वापरला जातो, तो ह्या प्रदेशाला कितपत मानवतो, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

तो साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. विषय आधी जाहीर होतो. विद्यार्थी पाच किंवा सात मिनिटे बोलतो. कागद पाहिल्यास गुण वजा होतात. उच्चारशुद्धी, विषयप्रतिपादन, हावभाव आणि एकूण परिणाम असे गुणांचे रकाने असतात. घंटा होताच थांबावे लागते. परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो. ह्यांपैकी एकही नियम स्वतंत्रपणे पाहता अन्याय्य वाटत नाही. पण सगळे नियम एकत्र वाचले म्हणजे एक उणीव लक्षात येते : त्यांत श्रोता कोठेच नाही. परीक्षक आहेत, वेळ मोजणारा आहे, टाळ्या वाजवणारे सहाध्यायीही आहेत; परंतु भाषण ऐकून ज्याला काही ठरवावयाचे आहे, असा मनुष्य त्या खोलीत नाही.

ही उणीव किरकोळ नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वविषयक ग्रंथात भाषणाचे तीन प्रकार केले, ते श्रोत्याला अनुसरूनच. पुढे काय करावे ह्याचा निर्णय घेणाऱ्या सभेपुढचे भाषण हा पहिला प्रकार. पूर्वी काय घडले ह्याचा निवाडा करणाऱ्यांपुढचे भाषण हा दुसरा. आणि स्तुती अथवा निंदा करणारे समारंभप्रसंगीचे भाषण हा तिसरा. पहिल्या दोहोंत श्रोता हा निर्णेता असतो, तिसऱ्यात तो प्रेक्षक असतो. ही कसोटी लावली असता आपला वक्तृत्ववर्ग केवळ तिसऱ्या प्रकाराचे शिक्षण देतो हे उघड होते. 'माझा आदर्श', 'आजचा युवक', 'पर्यावरण : काळाची गरज' हे विषय स्तुतीचे किंवा निंदेचे आहेत. त्यांवरील भाषण संपल्यावर कोणालाही हात वर करून संमती अथवा विरोध नोंदवावा लागत नाही.

आता ह्याच विद्यार्थ्याच्या गावी त्याला कोणत्या प्रकारचे भाषण करावे लागते ते पाहू. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमाने, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या 'पेसा'ने, विशेष अधिकार दिले. महाराष्ट्राने त्यासंबंधीचे नियम २०१४ साली केले. पाड्यावरची विहीर कोठे खणावी, योजनेचे लाभार्थी कोण असावेत, गौण खनिजाला परवानगी द्यावी की नाही, हे प्रश्न तेथे बोलून सोडवावयाचे असतात. ॲरिस्टॉटलचा पहिला प्रकार तो हाच. २००६ च्या वनहक्क अधिनियमाखालील दाव्यांचा आरंभही ग्रामसभेपासूनच होतो, आणि तेथे दुसरा प्रकार येतो. त्या अधिनियमाच्या नियमांत ग्राह्य पुराव्यांची जी यादी आहे, तीत दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्या माणसांचे लेखनिविष्ट केलेले कथन हाही एक पुरावा मानला आहे. गावातील वृद्धाने उभे राहून अमुक बांध अमक्याने घातला, अमुक मोहाच्या झाडापर्यंत त्याची वहिवाट होती, असे सांगितले तर कायदा त्या शब्दांना किंमत देतो. मात्र तेवढ्यावर भागत नाही. एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावे लागतात. म्हणजे बोललेल्या शब्दाला मान आहे आणि त्याची पडताळणीही आहे. आपल्या न्यायशास्त्राने आप्ताच्या वचनाला प्रमाणाचा दर्जा दिला, त्यामागे हीच जाण होती : बोलणाऱ्याला विषयाचे खरे ज्ञान असावे आणि ते जसेच्या तसे सांगण्याची त्याची इच्छा असावी.

ह्या दोन चित्रांतील अंतर एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. तानसा (१८९२) आणि भातसा ह्या शहापूर तालुक्यातील जलाशयांतून मुंबईला पाणी जाते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ह्या विषयावर स्पर्धेतील वक्ता जे बोलेल त्याची रूपरेषा आपण डोळे मिटून सांगू शकतो : आरंभी एखादी काव्यपंक्ती, मध्ये 'धरण उशाला, कोरड घशाला', शेवटी तरुणांना आवाहन. परीक्षक त्याला चांगले गुण देतील. परंतु हाच विद्यार्थी ग्रामसभेत उभा राहिला तर लोक विचारतील : आपल्या पाड्याला टँकर किती दिवसांनी येतो, नळयोजनेचे काम कोठे अडले, अर्ज कोणाकडे द्यावयाचा, गेल्या वर्षीच्या ठरावाचे काय झाले? येथे काव्यपंक्ती उपयोगी पडत नाही. ज्याला वर्गात पहिल्या श्रेणीचा वक्ता ठरविले, तो आपल्याच गावापुढे निरुत्तर होण्याचा संभव आहे. आणि त्याची अल्पशिक्षित आई कदाचित ह्या प्रश्नांना नेमकी उत्तरे देऊ शकेल.

प्रशंसापर भाषणाला माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या परिसरात २ जानेवारी १९४३ रोजी विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ह्यांना हौतात्म्य आले. त्यांचे स्मरण करणारे भाषण ह्या भूमीतील विद्यार्थ्याला अवश्य करता आले पाहिजे. पण येथेही पाठ केलेली विशेषणमाला आणि चौकशी करून मिळविलेली हकीकत ह्यांत भेद आहे. विजेचे मनोरे पाडण्याची मोहीम का आखली गेली, भूमिगतांना भाकरी कोणी पुरविली, हे विचारून आलेला विद्यार्थी समारंभाच्या भाषणातही साक्षीचे बळ आणतो.

ह्या विवेचनाच्या प्रकाशात पत्रिकेतील मुख्य कलमे तपासू.

पहिले कलम पाठांतराचे. कागदाकडे न पाहता बोलावे ही अपेक्षा मूळची चांगली. वक्त्याची दृष्टी श्रोत्यावर राहावी हा तिचा हेतू. व्यवहारात मात्र विद्यार्थी कागद खिशातून काढून डोक्यात ठेवतो, आणि श्रोत्याऐवजी स्मृतीतील ओळींकडे पाहत बोलतो. आकडे, तारखा, ठरावाचा मजकूर ह्यांसाठी टिपण जवळ बाळगण्यास मुभा असावी. ग्रामसभेत कागद दाखवून बोलणाऱ्याचे वजन अधिक असते, हे कोणीही ग्रामस्थ सांगेल.

दुसरे कलम उच्चारशुद्धीचे, आणि हे सर्वांत नाजूक आहे. आगरी बोलीत 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'ल' येतो. हा त्या बोलीचा नियम आहे. तो जिभेचा दोष नव्हे. 'पाणी' ह्या विषयावर बोलणाऱ्या मुलीने 'पानी' म्हटल्याबरोबर तिचे गुण कापले जात असतील, तर पाण्याविषयी तिला जे ठाऊक आहे ते ऐकण्यापूर्वीच आपण कान मिटले असे होते. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनीही पात्रांच्या तोंडी उच्चारानुसारी भाषा घालण्यास मोकळीक ठेवली आहे. जे लेखनाला चालते ते प्रत्यक्ष तोंडाला का चालू नये?

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुलाखतीत, न्यायालयात, कचेरीत प्रमाण मराठीच मागितली जाईल. ती ह्या मुलांना शिकविली नाही तर आपण त्यांच्यावर दुहेरी अन्याय करू, असे अनेक अनुभवी अध्यापक म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे आहे. प्रमाण भाषा शिकविलीच पाहिजे, आणि कसोशीने शिकविली पाहिजे. प्रश्न तिच्या स्थानाचा आहे. तहसीलदारांपुढील निवेदन हा प्रसंग असेल तर प्रमाण भाषेचा आग्रह धरावा व त्याचे गुण द्यावेत. पाड्यावरच्या सभेचा प्रसंग असेल तर तेथील बोलीत सुगमपणे बोलणाऱ्यास गुण द्यावेत. एकाच विद्यार्थ्याकडून दोन्ही करवून घ्यावे. 'शुद्धी'च्या रकान्याला 'प्रसंगोचित भाषा' असे नाव दिले तर प्रमाण भाषेचे काहीही नुकसान न होता बोलीचा अवमान टळेल.

तिसरे कलम हजेरीचे. आवणीच्या दिवसांत शेतावर राबणारा, अथवा एसटीच्या एकाच गाडीवर अवलंबून असणारा विद्यार्थी गैरहजर राहिला तर अध्यापकाने समजून घ्यावे, असे मला वाटते. तरीही ह्या विषयात हजेरीचा नियम शिथिल करावा असे मी म्हणणार नाही. इतर विषयांत चुकलेले व्याख्यान टिपणावरून भरून काढता येते; येथे गैरहजर विद्यार्थी दुसऱ्याचा श्रोता हिरावून घेतो. नियम योग्य आहे, त्याचे कारण मात्र पत्रिकेत लिहिलेले नसते. ते लिहिले, आणि ऐकण्याच्या कामालाही गुण ठेवले, तर हजेरी ही शिक्षा वाटणार नाही.

चौथी गोष्ट कलमाच्या रूपाने नसते. तिचा अभाव हाच दोष आहे. भाषणानंतर प्रश्न विचारण्याची तरतूद बहुधा कोठेच नसते. ही आपली परंपरा आहे असेही म्हणता येत नाही. मुंबईत १८४८ साली विद्यार्थ्यांनी स्थापिलेल्या साहित्य व शास्त्रविषयक मंडळीतून आणि तिच्या ज्ञानप्रसारक सभांतून निबंधवाचनाची प्रथा रुजली. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती ऐकणारा समाज घडविण्यासाठीच. आणि १८५७ च्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी ह्यांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद केला. विष्णुबुवा कोकणातील, विद्यापीठीय शिक्षण नसलेले, पूर्वी जकातखात्यात नोकरी केलेले गृहस्थ. त्यांचे वक्तृत्व प्रश्नोत्तरांतून उभे राहिले. समोरच्याची शंका हाच त्यांच्या भाषणाचा पुढचा परिच्छेद होता. त्यांच्या मतांशी कोणी सहमत असो वा नसो, श्रोत्याला प्रतिपक्षाचा मान देणारी ही पद्धती मराठी वक्तृत्वाच्या इतिहासात ठळकपणे नोंदलेली आहे. स्पर्धांच्या सोयीसाठी आपण ती बाजूस सारली.

वनहक्क नियमांत ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी उपस्थितांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे बंधन आहे. ऐकणारे कोण आहेत ह्याचा विचार कायद्याने केला. भाषणाचे शास्त्र शिकविणाऱ्या वर्गाने तो करू नये, हे विचित्र आहे.

तेव्हा सुचवावयाचे ते एवढेच. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रात तीन भाषणे करावीत : एक ठराव मांडणारे, एक साक्षीचे अथवा माहितीची खातरजमा करून दिलेले, आणि एक समारंभाचे. प्रत्येक भाषणाआधी श्रोते कोण आहेत हे जाहीर व्हावे. पाच मिनिटांच्या भाषणामागे तितकाच वेळ प्रश्नांना द्यावा, आणि 'मला माहीत नाही, चौकशी करून सांगतो' हे उत्तर प्रामाणिक असल्यास त्याचे गुण कापू नयेत. ठरावाचे भाषण झाल्यावर वर्गाने हात वर करून निर्णय द्यावा, म्हणजे आपल्या शब्दांनी काही घडले वा घडले नाही ह्याचा अनुभव वक्त्याला येईल.

ह्या सूचना अमलात आणण्यास अधिक पैसा लागत नाही. परीक्षकाने आपल्या अधिकाराचा काही भाग श्रोत्यांच्या हाती देणे मात्र आवश्यक आहे. शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्यांना बोलणे शिकवावे लागते हे खरे. परंतु ज्या सभांत त्यांचे आईवडील जमिनीसाठी आणि पाण्यासाठी बोलत आले आहेत, त्या सभांकडून वक्तृत्वशास्त्रालाही काही शिकावयाचे आहे, हे आपल्या विभागांनी मान्य केल्यास नियमपत्रिकेतील पहिली दुरुस्ती झाली असे समजावे.