जागेची कला आणि आपली जागा

दृश्यकलेच्या क्षेत्रात अलीकडे ‘स्थलनिष्ठ कला’ हा शब्द प्रतिष्ठा पावला आहे. एखाद्या ठरावीक जागेचा इतिहास, तिची माती आणि तिथली माणसे लक्षात घेऊन केलेली, म्हणूनच दुसरीकडे नेऊन ठेवता न येणारी कृती, असा त्याचा साधारण अर्थ. आलापल्ली-अहेरी भागातून एलिमेंटरी, इंटरमीजिएट या परीक्षा देऊन शहरात कला शिकायला गेलेली काही मुले-मुली सुट्टीत भेटतात तेव्हा हा शब्द त्यांच्या तोंडी असतो. त्यांना आपल्या गावी असे एखादे काम करून दाखवायचे असते. मी चित्रकार नाही, मराठी शिकवतो. माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. परंतु ‘जागा’ या शब्दाशी आपली ओळख कलामहाविद्यालयांच्या फार आधीची आहे. म्हणून या कलेकडे आपल्या बाजूने पाहणे मला आवश्यक वाटते.

मराठीत ‘जागा दाखवणे’ असा वाक्प्रचार आहे. ‘पायरीने राहणे’ हा त्याचाच भाऊ. कुठे बसावे, कोणत्या वाटेने जावे, कोणत्या पाणवठ्याला हात लावू नये, मढे कुठे न्यावे, हे सारे गावाने जागेच्या भाषेतच ठरवून ठेवले. जातिव्यवस्था ही या देशातली सर्वांत जुनी आणि सर्वांत काटेकोर स्थलनिष्ठ रचना आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला जागा आधी सौंदर्य म्हणून भेटत नाही. ती हुकूम म्हणून भेटते. म्हणून ‘जागेशी संवाद’ असे कोणी म्हटले की आपण विचारलेच पाहिजे: संवाद कोण करतो आहे, आणि त्या जागेवर त्याचा हक्क कोणी मान्य केला आहे?

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ती ओंजळ दुसऱ्या कोणत्याही तळ्यावर भरली असती तर तिचा अर्थ तोच राहिला नसता. सत्याग्रहाला कला म्हणून त्याची धार बोथट करण्याचा माझा हेतू नाही. पण जागेचा अर्थ बदलणारी कृती कशी असते याचे माप आपल्याजवळ आहे, एवढेच मला सांगायचे आहे. सनातन्यांनाही ते कळले होते. म्हणून तर त्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ केले. पुण्याच्या राज्यश्री गुडी यांनी २०१७ साली पाण्याची जात कोणती, असा प्रश्नच आपल्या मांडणीचे शीर्षक केला, तो याच घटनेवर बोट ठेवून. मांडणी कलादालनातली असली तरी तिचे मूळ तळ्याच्या काठावर आहे.

पाश्चात्त्य जगात या कलेचे गाजलेले उदाहरण म्हणजे रिचर्ड सेरा या शिल्पकाराची न्यूयॉर्कमधली पोलादी भिंत. १९८१ साली सरकारी कचेऱ्यांसमोरच्या चौकात त्याने १२० फूट लांबीची तिरपी भिंत उभी केली. रोज तिला वळसा घालून जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती नको झाली. १९८५ साली सुनावणी झाली आणि १९८९ साली ती तोडून हलवण्यात आली. हे काम याच जागेसाठी आहे, ते हलवणे म्हणजे ते नष्ट करणे, अशी सेराची भूमिका होती.

हा युक्तिवाद कलेच्या पुस्तकांत आदराने शिकवला जातो. तो मला मान्य आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. पोलादाच्या भिंतीला जो न्याय, तो माणसांना का नाही? वर्धा खोऱ्यात कोळशासाठी शेते गेली, गावे उठली. तेव्हा या माणसांना हलवणे म्हणजे त्यांना नष्ट करणे, असे कलेच्या कोणत्या पुस्तकाने म्हटले? माणसाला मोबदला देऊन कुठेही नेता येते, असे सरकारी कागद समजतो. गावदेव, पाणवठा, मसणवट यांचा मोबदला कोणत्या रकान्यात लिहायचा?

प्रभाकर पाचपुते यांचे काम महत्त्वाचे वाटते ते या ठिकाणी. १९८६ साली राजुरा तालुक्यातल्या सास्तीत त्यांचा जन्म झाला. घरातल्या पिढ्या कोळसा खाणीत राबल्या. खैरागड आणि बडोदा इथे शिकून त्यांनी चित्रासाठी साधन निवडले ते कोळशाचेच. त्यांच्या भिंतीवरच्या आकृत्यांत माणूस आणि अवजार वेगळे काढता येत नाहीत; डोक्याच्या जागी दिवा येतो, धडाला जमिनीचे रूप येते. हा कल्पनाविलास नाही. खाण माणसाला ज्या नजरेने पाहते, तिचे ते यथार्थ चित्रण आहे. २०२२ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांचे काम होते. आपल्या मातीतला माणूस तिथवर गेला याचा आनंद आहेच. पण आमच्या मुलांना ही चित्रे मोबाइलच्या काचेवर पाहावी लागतात. जागेतून उपजलेली कला जागेकडे परत कशी यावी, हा प्रश्न एकट्या पाचपुत्यांचा नाही. तो या सबंध कलाव्यवहाराचा आहे आणि त्याचे उत्तर कलाव्यवहाराने अजून दिलेले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. मुंबईच्या नवजोत अल्ताफ १९९७ पासून बस्तरमधल्या कोंडागावला राहून काम करू लागल्या. सोबत तिथलेच राजकुमार कोर्राम, शांतीबाई आणि गेसूराम. त्यांनी हातपंपांच्या जागा नव्याने बांधल्या. ‘नलपार’ या नावाने ते काम ओळखले जाते. पाणी साचून चिखल होऊ नये आणि भरलेले भांडे डोक्यावर घेण्यापूर्वी बाईला ते टेकवता यावे, अशी ती रचना. पाहुणे कलावंत येतात, आदिवासींकडून आकार उचलतात आणि निघून जातात, या रिवाजाला इथे नकार आहे. स्थानिक कारागिरांची नावे कलावंत म्हणून सोबत येतात, ही गोष्ट लहान नाही. तरीही एक शंका नोंदवतो. भांडे टेकवायला कट्टा मिळाला; ते भांडे बाईच्याच डोक्यावर का, आणि पंपाला कोणाचा हात आधी लागतो, हे प्रश्न कट्ट्याने सुटत नाहीत. कलेने सगळे सोडवावे असा माझा हट्ट नाही. मात्र सोय आणि समता यांतला फरक आपण विसरता कामा नये.

आता आलापल्लीकडे येतो. एका मुलाला वनवैभवातल्या सागांना रंगीत कापड गुंडाळायचे आहे. सहा हेक्टरांचा हा राखीव तुकडा २०१४ साली राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरला. सुंदर जागा आहे. पण झाडाला कापड बांधून कळते काय? मार्च २०२३ मध्ये बल्लारशाहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान शोभायात्रा काढून रवाना झाले. या पट्ट्यातला साग तोडणारे, ओढणारे, आरागिरणीत चिरणारे हात त्या मिरवणुकीत कुठे होते? झाडापाशी जायचे तर हा प्रश्न घेऊन जावे.

दुसऱ्याला भामरागडच्या वाटेवरच्या माडिया स्मृतिशिळांच्या प्रतिकृती प्लॅस्टरमध्ये करून शहरात मांडायच्या आहेत. त्याला मी स्पष्ट नकार दिला. ती शिळा एका मेलेल्या माणसासाठी, त्याच्या गावाने, त्याच जागी उभी केलेली असते. स्थलनिष्ठ कलेची व्याख्या तिला तंतोतंत लागू पडते, तरी पुस्तके तिला ‘लोककला’ म्हणून बाजूला बसवतात. वस्तीच्या तोंडाशी वर्गणीतून उभ्या राहिलेल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याचेही तेच. निळा कोट, हातात संविधान, सिमेंटचे ओबडधोबड काम. प्रस्थापित रसिक नाक मुरडतो. पण तो पुतळा नेमका कुठे उभा राहावा यावरून गावेच्या गावे पेटलेली आपण पाहिली आहेत. जागेचा अर्थ इतका ज्वलंत करणारे दुसरे शिल्प कोणी दाखवावे.

तिसरी एक मुलगी आहे. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आलापल्लीवरून जातात. रस्त्याकडेच्या घरांच्या उंबऱ्यांवर साचणारी लाल धूळ रोज एकेका पांढऱ्या फडक्यावर टिपून, त्यावर तारीख आणि घरातल्या बाईने सांगितलेले एक वाक्य लिहायचे, असे तिच्या मनात आहे. मला हे काम मोलाचे वाटते, कारण इथे जागा आधी बोलते आणि कलावंत मागून. दोनच गोष्टी मी तिला सुचवल्या. फडकी पहिल्यांदा त्या उंबऱ्यांवरच दाखवावीत, महाविद्यालयात नंतर. आणि ती कोणाच्या मालकीची, हे त्या बायांसमोर बसून ठरवावे.

आपल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी या मुलांकडे ‘चित्रे काढून पोट भरते का’ अशा नजरेने पाहू नये. कविता आणि आत्मकथने यांतून आपण शब्दातली जागा झगडून मिळवली. दृश्यातली जागा अजून फारशी मिळालेली नाही. ही मुले ती मागत आहेत. त्यांना कागद, रंग आणि प्रवासभाड्याइतकेच आपले परखड मतही द्या. ‘जागा दाखवणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ उलटवण्याचे काम त्यांच्या पिढीला करायचे आहे.