चिंता की काळजी? : हायडेगरच्या एका संज्ञेचे मराठी वाचन

मार्टिन हायडेगरचा 'झाइन उंड त्साइट' हा ग्रंथ १९२७ मध्ये हुसेर्लच्या वार्षिकात प्रसिद्ध झाला, आणि तोही अपुरा. त्यातील 'झाइन' आणि 'झाइएंडेस' हा मूलभूत भेद मराठीत 'असणे' आणि 'असलेले' असा सहज मांडता येतो. 'सत्' आणि 'सत्ता' हे शब्द योजले की मात्र अवघे वेदान्तशास्त्र पाठोपाठ चालून येते. खरी अडचण 'झोर्गे' या संज्ञेपाशी उभी राहते.

मानवी असण्याच्या समग्र रचनेला हायडेगरने हे नाव दिले आहे. मराठी वाचकाच्या तोंडी त्यासाठी पहिला शब्द येतो तो 'चिंता', आणि त्याबरोबर जांबची आख्यायिका. जांब हे रामदासांचे जन्मगाव (१६०८). आज ते घनसावंगी तालुक्यात मोडत असले तरी पूर्वी अंबड तालुक्यात होते. काळोख्या कोपऱ्यात दडून बसलेला बाल नारायण आईला सापडतो आणि आपण विश्वाची चिंता वाहत असल्याचे सांगतो, ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? साम्य मोहक आहे. परंतु ते दिशाभूल करणारे आहे.

आख्यायिकेतील चिंता ही एका असाधारण बालकाची, घरापासून दूर सरून स्वीकारलेली, उदात्त अशी मनोवृत्ती होय. 'झोर्गे' ही मनोवृत्तीच नव्हे. निष्काळजी मनुष्यही तिच्याबाहेर नाही. किंबहुना निष्काळजीपणा शक्य होतो तोच तिच्यामुळे. स्वतःच्या पुढे असणे, जगात आधीच असणे आणि वस्तूंच्या सान्निध्यात असणे, या तिहींचे ऐक्य म्हणजे 'झोर्गे'. या दृष्टीने त्या कथेत हायडेगरला अधिक जवळचे पात्र मुलगा नसून, हातातले काम टाकून त्याला शोधणारी राणूबाई आहे. भांड्याकुंड्यांशी असलेला तिचा व्यवहार हे 'बेझोर्गेन', आणि मुलाशी असलेला संबंध ही 'फ्यूरझोर्गे'.

म्हणूनच 'काळजी' हा घरगुती शब्द अधिक उपयोगी ठरतो. मराठीत काळजी 'करतात' आणि काळजी 'घेतात'ही. पहिल्यात मनाचा घोर आहे, दुसऱ्यात हाताचे काम. 'चिंता' घेता येत नाही. अर्थात 'काळजी'तही काळजाचा, म्हणजे भावनेचा, सूर उरतोच. (त्यात 'काळ' ऐकू येतो हा निव्वळ ध्वनीचा योगायोग; त्यावर कालमीमांसा उभारण्याचा मोह हायडेगरच्या अनुकरणकर्त्यांना होईल, तो टाळलेला बरा.) स्वतः हायडेगरने ४२व्या परिच्छेदात हिजिनसची लॅटिन कथा साक्षीस आणली आहे : क्यूरा चिखलातून मनुष्य घडवते, आणि तो जिवंत असेतोवर तिच्याच ताब्यात राहील असा निवाडा सॅटर्न देतो. तेथे उदात्ततेचा लवलेशही नाही.

हा वाद केवळ कोशकाराचा नव्हे. 'विश्वाची चिंता' या अर्थाने ग्रंथ वाचला की त्याच्या कर्त्याला फुकटचे ऋषिपण लाभते. १९३३ मध्ये फ्रायबुर्गचा कुलगुरू होऊन नाझी पक्षात सामील झालेला आणि २०१४ पासून प्रकाशित होऊ लागलेल्या 'काळ्या वह्यां'त ज्यूद्वेष नोंदवून ठेवणारा हा माणूस आहे. मग त्याचे आचरण म्हणजे तत्त्वज्ञानापासून झालेले स्खलन, असा सोयीचा निष्कर्ष निघतो. पण 'झोर्गे' कोणत्याही सदाचाराची हमी देतच नाही; तशी हमी ग्रंथात होती असे मानणे हीच वाचनातील चूक होय.

दुसऱ्याची काळजी त्याच्या जागी उडी घेऊन त्याला परावलंबी करते किंवा त्याची काळजी त्यालाच मोकळेपणी परत देते, असे २६व्या परिच्छेदातील विवेचन आहे. मराठी वाचकाने आरंभ तेथून केला तर 'चिंता'ची गरजच पडत नाही.