साउंड ऑफ सायलेन्स, द

प्रसिद्ध अमेरिकन लोक-रॉक गीत (म. शी. ‘निःशब्दतेचा नाद’). गीत व चाल पॉल सायमन (१३ ऑक्टोबर १९४१–    ) याची. गायन सायमन व त्याचा बालमित्र आर्ट गारफंकेल (५ नोव्हेंबर १९४१–    ) यांचे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढलेल्या या जोडीने ‘टॉम अँड जेरी’ या नावाने १९५७ मध्ये एक ध्वनिमुद्रिका गाजविली होती. पुढे ती लोकगीत-चळवळीकडे वळली.

केनेडींच्या हत्येमुळे (नोव्हेंबर १९६३) हे गीत सुचले, असे पुष्कळदा म्हटले जाते. सायमनने सांगितलेली हकीकत साधी आहे : न्हाणीघरात दिवा मालवून, भिंतींच्या फरशांवरून घुमणाऱ्या आवाजात गिटार वाजविण्याची त्याला सवय होती. गीतातील अंधाराशी चाललेल्या संवादाचे मूळ तेथे आहे. माणसे बोलतात पण एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत, हा त्याचा आशय एखाद्या राजकीय घटनेपुरता आखडून घेण्याचे कारण नाही.

१० मार्च १९६४ रोजी कोलंबिया कंपनीसाठी टॉम विल्सन या निर्मात्याने हे गीत गिटारच्या साध्या साथीवर मुद्रित केले. ते ज्या संग्रहात आले, तो ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध होऊन अपयशी ठरला. जोडी पांगली, सायमन इंग्लंडला गेला. १९६५ मध्ये बॉस्टन व फ्लॉरिडा येथील नभोवाणी-श्रोत्यांकडून, विशेषतः विद्यार्थ्यांकडून, या गीताला मागणी येऊ लागली. बॉब डिलनच्या एका गीताला बर्ड्‌स या वादकवृंदाने विद्युत् गिटारची जोड देऊन मिळविलेले यशही समोर होते. १५ जून १९६५ रोजी विल्सनने जुन्या मुद्रणावर विद्युत् गिटार, बास व ड्रम यांची भर घातली. गायकांना याची कल्पनाही नव्हती. ही आवृत्ती सप्टेंबरमध्ये निघाली आणि जानेवारी १९६६ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. यूरोपात असलेल्या सायमनला ती प्रथम ऐकताना धक्काच बसला.

मूळ गायन बांधीव लयीत नसल्याने नव्या वादकांना गायकांच्या मागे धावावे लागले. काही जागी ती ओढाताण स्पष्ट ऐकू येते. शेवटच्या कडव्यांत ड्रमचा ठोका एकसुरीही होतो. म्हणून लोकगीताच्या शुद्धतेचे आग्रही या आवृत्तीला निव्वळ बाजारू ठरवितात. ते मत अपुरे आहे. पहिले कडवे जवळजवळ मूळ शांततेत जाते. दुसऱ्यापासून ड्रम व बास शिरतात आणि दोन एकाकी आवाजांभोवती जणू शहराची गर्दी जमते. त्या गर्दीची गायकांना चाहूल नाही, कारण गाताना ती तेथे नव्हतीच. मूळ मुद्रण प्रार्थनेसारखे आहे. गर्दीतील एकटेपणा मात्र, जो गीताचा खरा विषय, दुसऱ्याच आवृत्तीत कानांना जाणवतो. कवीला न विचारता केलेली ढवळाढवळ समर्थनीय नाही, पण तिच्यामुळेच गीत पूर्णत्वाला गेले, ही अडचणीची गोष्ट मान्य करावी लागते.

या यशामुळे जोडी पुन्हा एकत्र आली. हार्व्हर्डचा पदवीधर आणि जॅझ क्षेत्रातून आलेला कृष्णवर्णीय विल्सन (मृत्यू १९७८) लवकरच कोलंबिया सोडून गेला. गीताच्या चर्चेत त्याचे नाव जितके यावे तितके येत नाही. माइक निकल्सच्या द ग्रॅज्युएट (१९६७) या चित्रपटात हे गीत प्रारंभी येते आणि अखेरीस, पळून आलेले दोघे बसमध्ये न बोलता शेजारी बसलेले असताना, पुन्हा ऐकू येते.