जमातींचे सार्वभौमत्व आणि नागरिकांची समानता : अमेरिकेतील वादाची चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेतील मान्यताप्राप्त मूलनिवासी जमातींना स्वतःचे शासन चालविण्याचा, न्यायालये स्थापन करण्याचा व सदस्यत्वाचे नियम ठरविण्याचा अधिकार आहे. १९२४ च्या कायद्याने या जमातींच्या सर्व लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व प्राप्त झाले. तेव्हा एकाच देशातील काही नागरिकांना जन्माच्या आधारे वेगळे अधिकार का असावेत, असा आक्षेप समानतेच्या नावाने घेतला जातो. प्रस्तुत लेखात या आक्षेपाची आणि त्यास दिल्या जाणाऱ्या उत्तराचीही चिकित्सा केली आहे.

वंश की राज्यसंस्था?

उपरोक्त आक्षेप जमात म्हणजे वंश असे गृहीत धरतो. इतिहास मात्र वेगळा आहे. १७७८ ते १८७१ या काळात अमेरिकेने जमातींशी तह केले आणि त्यांतील अनेक तहांद्वारे विस्तीर्ण भूमी मिळविली. १८३२ च्या वूस्टर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चेरोकी प्रदेशात जॉर्जिया राज्याचे कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय दिला. तहाची भूमी स्वीकारायची आणि तहातील बंधने मात्र समानतेच्या नावाने नाकारायची, ही भूमिका न्याय्य म्हणता येणार नाही. भारतीय अभ्यासकानेही हा प्रश्न आरक्षणाच्या चौकटीत बसविण्याचा मोह टाळावा. आरक्षण ही नागरिकत्वाच्या अंतर्गत केलेली तरतूद आहे. तह हा दोन राज्यसंस्थांमधील करार असतो.

१९७४ च्या मॉर्टन विरुद्ध मॅनकारी खटल्यात न्यायालयाने जमातीच्या सदस्यांना शासकीय नोकरीत दिलेले प्राधान्य वांशिक नसून राजकीय स्वरूपाचे आहे, असे ठरविले. तथापि, त्या प्राधान्यासाठी सदस्यत्वासोबत किमान एक चतुर्थांश इंडियन रक्ताची अटही होती. म्हणजेच, वंश आणि राजकीय सदस्यत्व यांतील सीमारेषा समर्थक मानतात तितकी स्वच्छ नाही. २०२३ च्या ब्रॅकीन खटल्यात न्यायालयाने मूलनिवासी बालकांविषयीचा १९७८ चा कायदा कायम ठेवला. मात्र समान संरक्षणाचा प्रश्न अनिर्णित राहिला.

अंतर्गत समानतेचा प्रश्न

सार्वभौमत्वाची खरी कसोटी जमातीच्या आतच लागते. सांता क्लारा प्वेब्लोच्या १९३९ च्या नियमानुसार जमातीबाहेर विवाह करणाऱ्या पुरुषाची मुले सदस्य ठरत, स्त्रीची मात्र ठरत नसत. या नियमाविरुद्ध दाद मागणाऱ्या ज्युलिया मार्टिनेझ यांचा दावा संघराज्याच्या न्यायालयात चालू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितले. जमातीची स्वायत्तता टिकली. किंमत स्त्रियांनी मोजली.

चेरोकींनी पूर्वी गुलाम म्हणून ठेवलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १८६६ च्या तहाने त्यांना चेरोकींच्या बरोबरीचे अधिकार दिले होते. तरीही २००७ मध्ये जमातीने मतदानाद्वारे त्यांचे सदस्यत्व नाकारले. २०१७ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने त्याच तहाच्या आधारे त्यांचा हक्क मान्य केला आणि २०२१ मध्ये चेरोकींच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने संविधानातील रक्ताधारित शब्द काढून टाकले.

समारोप

येथे समानतेसाठी सार्वभौमत्व मोडावे लागले नाही; उलट तहाचे पालन केल्यानेच समानता साधली. तात्पर्य, समानतेचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी तह पाळावेत आणि सार्वभौमत्वाचा आग्रह धरणाऱ्यांनी आपल्याच दुर्बल सदस्यांना उत्तर द्यावे. तह दोन्ही बाजूंना बांधतो. सोयीचे तेवढेच कलम निवडण्याची मुभा कोणालाही देत नाही.