मितीची साक्ष

'मिती' हा शब्द मराठीत दोन ठिकाणी नांदतो. जुन्या पत्रात तो तिथी सांगतो. अभियांत्रिकी आराखड्यात लांबी सांगतो. दोहोंच्या मुळाशी 'मा' म्हणजे मोजणे हा संस्कृत धातू आहे. हे साम्य व्युत्पत्तीपुरतेच आहे असे वरवर वाटते. वस्तुतः दोन्ही मित्यांचे प्रामाण्य एकाच रीतीने तपासावे लागते.

पहिल्या मितीच्या चिकित्सेची परंपरा धुळ्याला आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांचे 1926 साली येथेच निधन झाले, आणि 1927 साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे स्थापन झाले. मराठ्यांच्या पत्रव्यवहारात पुष्कळदा तिथी व महिना असतो, वर्ष नसते. ते संपादक मजकुरातील प्रसंगांवरून ठरवितो व पत्राच्या माथ्यावर छापतो. संहिता पत्रलेखकाची, वर्ष संपादकाचे. वर्ष चुकले तरी पत्र खोटे ठरत नाही. माथ्यावर विसंबणारा वाचक मात्र फसतो.

दुसरी मिती अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला संगणकावर सर्किट बोर्ड रेखाटताना भेटते. 'किकॅड' या आज्ञावलीत बोर्डाची कड 'एज कट्स' या स्तरावर काढतात. कारखान्यातील यंत्र बोर्ड कापते ते या रेषेवरून. म्हणून ही रेषा संहिता होय. मितिरेषा, बाण व अंक ही तिच्यावरील टीका. टीका संहितेपासून दोन प्रकारे तुटते. कड एकटीच सरकविली, तर मितिरेषेची टोके जुन्याच बिंदूंवर राहतात. शिवाय मोजलेला अंक झाकून हाताने दुसरा लिहिण्याची सोय आहे. तेव्हा 48 मिलिमीटरची रेषा निःशंकपणे 50 सांगते.

तिसरा दोष अधिक सूक्ष्म, कारण त्यात जाणूनबुजून असत्य कोणीच लिहीत नाही. जोडणीच्या पिनांमधील रूढ अंतर इंचाचा दहावा भाग, म्हणजे 2.54 मिलिमीटर. एकच दशांश स्थळ ठेवले की ते 2.5 दिसते. एका रांगेत वीस पिना असतील तर अंतरे एकोणीस. त्यांची खरी बेरीज 48.26, आराखडा वाचून केलेली 47.5. शेवटचे छिद्र 0.76 मिलिमीटरने चुकते व जोडणी बसत नाही.

या दोषांचे मूळ मराठी क्रियापदे उघड करतात. माप 'घेतात', मिती 'देतात'. शिंपी अंगाचे माप घेतो. अभियंता कारागिराला मिती देतो. पहिले निवेदन आहे, दुसरी आज्ञा. आज्ञावली काढलेल्या रेषेचे माप घेते आणि तो अंक मितीच्या वेषात उभा करते. म्हणून हाताने लिहिलेला अंक सर्वदा त्याज्य नव्हे, 'अधिक-उणे 0.2' अशी सूट द्यावयाची असेल, तर तो आवश्यकही ठरतो. आक्षेप आहे तो हस्तक्षेप लपविण्याला.

यावरील उपाय दोन्ही शास्त्रांना पूर्वीपासून ठाऊक आहे. दक्ष संपादक स्वतः घातलेले वर्ष कंसात ठेवतो. अभियांत्रिकी रेखनातही प्रमाणाशी न जुळणाऱ्या अंकाखाली रेघ ओढण्याचा व केवळ माहितीसाठी दिलेली मिती कंसात ठेवण्याचा संकेत आहे. ती रेघ व तो कंस म्हणजे टीकाकाराची सही होय. ती नसेल तेथे वाचकाने अंकावर न विसंबता कडेची रेषाच पुन्हा मोजावी.